अब्राहामाची गोष्ट मोरियापासून सुरू करू नका

शब्बाथशाळेत शिकवायला लागले ते माझं पहिलंच वर्ष. पाचवी-सहावीची मुलं, चर्चच्या मागच्या खोलीत सतरंजीवर बसलेली. अब्राहामाचा विश्वास शिकवायचा म्हणून मी सरळ पवित्र शास्त्रातल्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, २२वा अध्याय उघडला. देव अब्राहामाला म्हणतो, तुझा मुलगा इसहाक मोरियाच्या डोंगरावर मला अर्पण कर, ती ही गोष्ट. लाकडं, विस्तव, सुरी, वेदीवर बांधलेला इसहाक. गोष्ट चांगली रंगवली. मुलं एकदम गप्प झाली, तेव्हा मला वाटलं, पोचली गोष्ट. मंगळवारी एका मुलीची आई घरी आली. "बाई, पोरगी दोन रात्री झोपली नाही. पप्पांशेजारी निजायलाच तयार नाही."

चूक माझी होती. ज्या माणसाने आयुष्यभर देवाबरोबर चालून जे कमावलं, ते मी त्या मुलीला अर्ध्या तासात, तेही शेवटाकडून दाखवलं होतं. त्यानंतर ३१ वर्षं मी ही गोष्ट वेगळ्या रीतीने शिकवत आले. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत मुलांबरोबर अब्राहाम वाचायचा असेल तर कसा वाचावा, ते इथे सांगते. दहा-बारा संध्याकाळी लागतील. घाई नको.

आधी एक वही करा, आणि ती मुलांच्या आधी स्वतः भरा. डावीकडे अब्राहामाचं वय, उजवीकडे काय घडलं ते. शास्त्रात ही वयं स्पष्ट दिलेली आहेत, आपण फक्त वाचताना त्यांच्यावरून घसरतो. ७५व्या वर्षी देवाच्या हाकेवर हारान शहर सोडलं. ८६व्या वर्षी दासी हागारेपासून इश्माएल झाला. ९९व्या वर्षी देवाने त्याचं अब्राम हे नाव बदलून अब्राहाम ठेवलं, आणि बायको सारायचं सारा. १००व्या वर्षी इसहाक. सारा त्याच्याहून दहा वर्षांनी लहान आणि ती १२७व्या वर्षी वारली, म्हणजे तेव्हा तो १३७चा. इसहाकाला ६०व्या वर्षी जुळी मुलं झाली, म्हणजे एसाव-याकोब जन्मले तेव्हा आजोबा १६०चे. आणि १७५व्या वर्षी मरण. याचा अर्थ याकोब पंधरा वर्षांचा होईपर्यंत आजोबा हयात होते. हे मला वही करेपर्यंत कधी सुचलंच नव्हतं.

वही भरून झाली की १६व्या अध्यायाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवा आणि १७व्याच्या पहिल्या ओळीवर दुसरं. एका ओळीत तो ८६ वर्षांचा, लगेच पुढच्या ओळीत ९९चा. दोन बोटांच्या मधल्या कोऱ्या जागेत तेरा वर्षं आहेत. त्या तेरा वर्षांत देव काही बोलल्याची नोंद नाही. मुलांना ही जागा बोटाने चाचपू द्या. अब्राहामाचा विश्वास शिकवायचा तो या कोऱ्या जागेतून शिकवा. संततीचं वचन मिळाल्यापासून मूल मांडीवर येईपर्यंत पंचवीस वर्षं गेली. आपल्याकडे दोन पावसाळे कोरडे गेले तर माणसं देवाला दोष देतात, आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. पण पंचवीस वर्षं कशी जातात ते मुलांना कळायला हवं.

पहिल्या दिवशी नकाशा घ्या. बऱ्याच पवित्र शास्त्रांच्या शेवटी असतो. ऊर म्हणजे आजच्या इराकच्या दक्षिणेला, नासिरियाजवळ. बहुतेक अभ्यासक तीच जागा धरतात. तिथे १९२२ ते १९३४ लिओनार्ड वूली यांनी उत्खनन केलं. चंद्रदेवाचं भलं मोठं मंदिर होतं त्या शहरात. तिथून वर फरात नदीच्या कडेने हारान, आजच्या तुर्कस्तानात, सुमारे हजार किलोमीटर. हारानलाही चंद्राचीच पूजा. अब्राहामाचा बाप तेरह दुसऱ्या देवांची सेवा करत असे, हे यहोशवाच्या पुस्तकात २४व्या अध्यायात सरळ लिहिलंय. म्हणजे हा माणूस भक्तिमान घरात वाढलेला नव्हता. हे मुलांना जरूर सांगा, कारण आमच्या मंडळीत पुष्कळांना वाटतं की देव फक्त चांगल्या घरातल्यांनाच हाक मारतो.

हाक कशी आहे तेही नीट वाचा. देश सोड, नातलग सोड, बापाचं घर सोड. बाहेरून आत, एकेक पाऊल जवळ येत जातं. इब्री, म्हणजे हिब्रू, भाषेत इथे 'लेख-लेखा' असे शब्द आहेत, 'तू आपला जा'. हे दोन शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे लागतील.

१२व्या अध्यायातच दुष्काळ पडतो आणि अब्राम मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, जाऊन खोटं बोलतो, साराय माझी बहीण आहे म्हणतो. जीव वाचवायला बायकोला पुढे करतो. इथे पुष्कळ आईवडील पान उलटतात. उलटू नका. २०व्या अध्यायात गराराच्या राजापुढे तो परत तेच करतो, आणि त्या वेळी परका राजा अबीमलेख त्याच्यापेक्षा सरळ वागतो. ती आपली सावत्र बहीण आहे, अशी सबब अब्राहाम देतो. सबब खरी आहे, पण वागणं खरं नाही. मुलांना हा फरक लगेच कळतो, आपल्यापेक्षा लवकर. शास्त्राने आपल्या मोठ्या माणसाचं पाप लपवलेलं नाही, तर आपण कोण लपवणारे?

१३वा अध्याय ज्या घरात वाटणीचा वाद चालू आहे तिथे हळू वाचा. गुराख्यांची भांडणं होतात, आणि काका अब्राम पुतण्या लोटाला म्हणतो, आधी तू निवड. तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन. लोट यार्देन नदीकाठचा पाणथळ भाग उचलतो. वडीलधारा माणूस आपला हक्क सोडून डोंगराळ बाजू घेतो. आमच्याकडे सख्खे भाऊ वीतभर बांधासाठी कोर्टात वीस वर्षं घालवतात. हा अध्याय वाचल्यावर एका घरात दोघे भाऊ जेवायला एकत्र बसले होते, ते मी पाहिलंय. माझं त्यात काही नाही, मी फक्त वाचलं होतं.

१४वा अध्याय एका बैठकीत संपवा. चार राजे, पाच राजे, नावं अवघड आहेत, ती पाठ करून घेऊ नका. एवढंच पाहा की लोटाला पळवून नेल्यावर काका ३१८ माणसं घेऊन रातोरात मागे धावतो, आणि जिंकल्यावर सदोमाच्या राजाकडून सुताचा धागाही घेत नाही, वहाणेचा बंदही नाही.

१५व्या अध्यायाला मात्र रात्र निवडा आणि मुलांना अंगणात न्या. चंद्र नसलेली रात्र बघा, तारे जास्त दिसतात. देव त्याला बाहेर नेऊन म्हणतो, मोज. खरंच मोजायला लावा. आमची पोरं चाळीस-पन्नासवर गेली की गोंधळतात आणि परत पहिल्यापासून सुरू करतात. मग सहावं वचन वाचा: त्याने परमेश्वरावर विश्वास ठेवला, आणि तो त्याच्या बाजूने नीतिमत्त्व म्हणून धरला गेला. पवित्र शास्त्रात एखाद्या माणसाने विश्वास ठेवल्याचं क्रियापद इथे पहिल्यांदा येतं. त्या इब्री शब्दाचं मूळ आणि आपल्या 'आमेन'चं मूळ एकच आहे. पक्कं असणं, टेकता येईल असं असणं. आपण प्रार्थनेच्या शेवटी रोज उच्चारतो तो शब्द त्या रात्रीच्या ताऱ्यांखालच्या शब्दाचा भाऊ आहे, हे सांगितल्यावर मुलांचं आमेन बदलतं. मी ऐकलंय.

त्याच अध्यायात पुढे एक वचन आहे, त्यावर कुणी उपदेश करत नाही. देवाने सांगितल्याप्रमाणे अब्रामाने कालवड, शेळी, एडका कापून समोरासमोर मांडले, आणि मग वाट बघत बसला. देव आला नाही. आली ती हिंस्र पाखरं, त्या मांसावर. आणि अब्राम त्यांना हाकलत राहिला, दिवस मावळेपर्यंत. ज्याने जोंधळ्याची राखण केली आहे त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मी लहानपणी माळ्यावर बसून गोफण फिरवली आहे. हात भरून येतो, घसा बसतो, आणि पाखरं पुन्हा येतात. पूर्वज म्हणून ज्याला आपण मानतो तो त्या दुपारी काही मोठं बोलला नाही. घारी-गिधाडं हाकलली, बस. त्या काळी करार करणारे अशा तुकड्यांमधून चालत जात. अंधार पडल्यावर देवाची खूण म्हणून धुराची भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून गेली, आणि त्यातून अब्रामाला जावं लागलं नाही. करार देवाने एकट्याने आपल्या अंगावर घेतला. मला विचाराल तर मोरियाच्या आधी मुलांच्या मनात ही रात्र रुजली पाहिजे.

आता हागार. १६वा आणि २१वा अध्याय एकाच संध्याकाळी वाचा आणि घरातल्या बाईने मोठ्याने वाचावा. मूल होत नाही म्हणून सारायने आपली मिसरी दासी नवऱ्याला दिली, तिला दिवस गेल्यावर तिला छळलं, आणि अब्राम म्हणाला, ती तुझ्या हाती आहे, तुला वाटेल ते कर. हे वाचताना माझा आवाज अजूनही जड होतो. हागार रानात पळून जाते आणि झऱ्याजवळ देवदूत तिला नावाने हाक मारतो. अब्राम आणि साराय यांनी तिचं नाव घेतल्याचं एकही वचन नाही, दासी म्हणतात फक्त. ती देवाला नाव देते, 'एल-रोई', मला पाहणारा देव. शास्त्रात देवाला असं नाव ठेवणारी पहिली व्यक्ती एक दासी आहे. त्या विहिरीचं नाव बैर-लहाय-रोई. हेही वहीत लिहा.

१८व्या अध्यायाची संध्याकाळ आनंदाची आहे, ती स्वयंपाकघरात घ्या. भर दुपारी ९९ वर्षांचा म्हातारा तंबूच्या दाराशी बसलाय. तीन अनोळखी माणसं दिसतात आणि तो धावतो. 'धावला', 'लगबगीने', 'लवकर कर' हे शब्द मुलांना शोधायला लावा. पाहुण्यांना तो म्हणतो, थोडं पाणी घ्या, घासभर भाकर खा. आपल्याकडे नाही का, घोटभर चहा घ्या म्हणून बसवायचं आणि ताटं वाढायची, तसंच. कारण आत जाऊन तो साराला सांगतो, तीन मापं सपीठ मळ. ते तीन सेआ म्हणजे साधारण वीस-बावीस लिटर भरेल एवढं पीठ. आम्ही एकदा महिला मंडळात तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा पिठाने भरून पाहिला. डबा शिगोशीग भरला तरी माप पुरं झालं नाही. तिघांसाठी एवढं! वर कोवळं वासरू, दही, दूध. आणि ते जेवत असताना यजमान झाडाखाली उभा आहे, बसला नाही.

त्याच दुपारी तो देवाशी सदोमासाठी घासाघीस करतो, कारण पापामुळे त्या शहराचा नाश होणार असतो. पन्नास नीतिमान असले तर? पंचेचाळीस? चाळीस, तीस, वीस, दहा. मी तर धूळ आणि राख, असंही म्हणतो आणि तरी मागे हटत नाही. सगळ्या जगाचा न्याय करणारा न्याय करणार नाही काय, असं तोंडावर विचारतो. मुलांना सांगा, देवाशी असं बोलता येतं. विश्वास म्हणजे मान खाली घालून हो म्हणणं, असं शिकलेली पोरं मोठी झाल्यावर एक तर खोटं बोलतात, नाही तर चर्च सोडतात.

एवढं झाल्यावर मोरिया. मला ज्या वर्षी पहिल्यांदा ही गोष्ट या क्रमाने सांगता आली, त्या वर्षी सहावीतल्या एका मुलाने हात वर केला. "बाई, सदोमच्या लोकांसाठी एवढा भांडला, मग स्वतःच्या पोरासाठी का नाही भांडला?" मी त्याला उत्तर दिलं नाही, आणि आजही देत नाही. हा प्रश्न मुलाने विचारला की समजा, वाचन बरोबर चाललंय.

लहान मुलं असतील तर शेवट आधी सांगा. बारावं वचन, मुलावर हात टाकू नकोस, हे सर्वांत आधी वाचा आणि मग पहिल्या वचनावर या. हेही सांगा की त्या काळच्या कनानात लेकरांचा बळी देणारे होते, आणि पुढे लेवीयाच्या पुस्तकात देवाने ते सक्त मना केलं. मोठ्या मुलांना २१ आणि २२ शेजारी शेजारी ठेवून वाचू द्या. दोन्हीकडे अब्राहाम पहाटे उठतो. एकीकडे हागारेला मुलासकट घालवून देताना तिच्या खांद्यावर भाकर आणि पाण्याची मसक देतो, दुसरीकडे लाकडं फोडून गाढवावर खोगीर घालतो. दोन्हीकडे एक मुलगा मरणाच्या दारात आहे. हागार पाणी संपल्यावर मुलाला झुडपाखाली ठेवून बाणाच्या टप्प्याएवढी दूर जाऊन बसते, कारण त्याचं मरण तिला बघवणार नाही. दोन्हीकडे देवदूत आकाशातून हाक मारतो. हागारेला विहीर दिसते, अब्राहामाला झुडपात शिंगं अडकलेला एडका. आणि जागेचं नाव तो ठेवतो याव्हे-यिरे. मराठीत आपण त्याचा अर्थ 'देव पुरवतो' असा सांगतो, पण मूळ धातू पाहण्याचाच आहे, जो हागारेच्या 'रोई'त आहे. दासीला रानात जे आधी कळलं होतं, ते मालकाला डोंगरावर कळलं. वहीतलं 'एल-रोई' आता काढा.

पहिल्या पानावरचं 'लेख-लेखा'ही काढा. देवाची हाक इथे पुन्हा त्याच शब्दांत येते, आणि परत तसंच आत आत येत जाते: तुझा मुलगा, एकुलता एक, ज्याच्यावर तू प्रीती करतोस तो, इसहाक. पहिल्या वेळी त्याने बापाचं घर सोडलं. या वेळी स्वतःच्या पुढच्या पिढीचं.

आणखी एक शब्द, 'हिन्नेनी', म्हणजे मी हा इथे आहे. देवाने हाक मारली तेव्हा, वाटेत मुलाने "बाबा" म्हटलं तेव्हा, आणि सुरी उचललेली असताना देवदूताने हाक मारली तेव्हा, तिन्ही वेळा इब्रीत तो हेच उत्तर देतो. तुमच्या प्रतीत पहिलं, सातवं आणि अकरावं वचन काढून तिथे काय छापलंय ते पाहा, आणि मग तिन्ही जागी पेन्सिलीने 'हिन्नेनी' लिहा. देवाला दिलेलं आणि लेकराला दिलेलं उत्तर एकच आहे. बैर-शेब्यापासून मोरियापर्यंत तीन दिवस गेले, आणि तीन दिवसांत नोंदवलेलं बापलेकाचं बोलणं हे एवढंच. डोंगरावरून उतरताना इसहाकाचं नाव येत नाही, हेही मुलं पकडतात. मी तिथे गप्प बसते.

आमच्या शेजारच्या चाचींकडून बकरी ईदला दरवर्षी शिरखुर्म्याच्या आधी ही गोष्ट ऐकायला मिळायची. त्यांच्याकडे तो मुलगा इस्माईल. कुराणात मुलाचं नाव दिलेलं नाही, पण मुस्लिम परंपरा इस्माईलच मानते, आणि तिथे बाप मुलाला आधी विचारतो नि मुलगा म्हणतो, तुम्हाला आज्ञा झाली तसं करा. तुमच्या शेजारी कुणी असेल तर मुलांना त्यांच्या तोंडून ऐकू द्या. कोकणातल्या बेने इस्राएल यहुदी लोकांनीही मराठीतून आपल्या शास्त्रातल्या गोष्टींची कीर्तनं केली आहेत. या म्हाताऱ्याचे वारस पुष्कळ आहेत, आणि मराठी बोलणारेही पुष्कळ.

२३वा अध्याय शेतकऱ्याच्या घरात सर्वांत चांगला समजतो. सारा वारली. अख्ख्या देशाचं वचन मिळालेल्या माणसाकडे बायकोला पुरायला जागा नाही. मी उपरा आहे, म्हणतो, मला जागा विकत द्या. एफ्रोन हित्ती गावच्या वेशीत सगळ्यांदेखत म्हणतो, विकत कशाला, घ्या तशीच. आणि मग हळूच, चारशे शेकेल चांदीची जमीन, तुमच्या-माझ्यात त्याचं काय एवढं? हे ऐकून आमच्याकडे म्हातारी माणसं हसतात. त्यांनी असे एफ्रोन पाहिलेत. अब्राहाम एका शब्दाने भाव करत नाही. साक्षीदारांसमोर चांदी तोलून देतो. मग सतरावं वचन सातबाऱ्यासारखं वाचा: शेत, त्यातली गुहा, चतुःसीमेतली झाडं, सगळं त्याच्या नावावर झालं. माझ्या वडिलांच्या नावावर कधी गुंठाभरही जमीन नव्हती. हा अध्याय ते फार सावकाश वाचायचे, आणि 'चांदी तोलून दिली' इथे चष्मा काढून पुसायचे.

मकपेलाची ती गुहा हेब्रोन शहरात आहे. तिच्यावर हेरोद राजाच्या काळातली दगडी भिंत अजून उभी आहे, आणि यहुदी नि मुसलमान दोघेही तिथे प्रार्थना करतात.

२४वा अध्याय लांब आहे, लग्न ठरलेल्या घरात वाचा, एरवी थोडक्यात सांगितला तरी चालेल. शेवटची संध्याकाळ २५व्या अध्यायाच्या पहिल्या अकरा वचनांची. नववं वचन मुलांपैकी दोघांना, शक्यतो आपसात भांडलेल्या दोघांना, एकत्र वाचायला द्या. त्यात आहे की इसहाक आणि इश्माएल या त्याच्या मुलांनी त्याला मकपेलाच्या गुहेत पुरलं. घालवून दिलेला मुलगा आला होता. कुणी निरोप धाडला, दोघे काय बोलले, काही लिहिलेलं नाही. पुढे अकरावं वचन वाचा, आणि मुलांना वहीत मागे जाऊन ते विहिरीचं नाव शोधू द्या. बाप गेल्यावर इसहाक राहायला गेला तो बैर-लहाय-रोईजवळ, हागारेच्या विहिरीपाशी.